जेली रोल नक्की कुठला? रॅपवाला की कंट्रीवाला? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : रील्सवर चेहराभर टॅटू असलेला एक जाडजूड माणूस रडवेल्या आवाजात गाताना सारखा दिसतो. नाव जेली रोल. मित्र म्हणतो हा मूळचा रॅपर, रॅप चालेना म्हणून कंट्रीत घुसला. खरंय का? आणि हे असलं नाव कुठून आलं?
– एक वाचक, सांगली

नाव आईने ठेवलंय, लहानपणी गुटगुटीत होता म्हणून. खरं नाव जेसन डीफोर्ड, जन्म १९८४ चा.

आता मित्राचं म्हणणं. रॅपमध्ये हा कधी टॉपला नव्हता हे मान्य, पण 'घुसला' हे काही पटत नाही राव. हा वाढला अँटिऑकमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरातलीच एक वस्ती, आणि नॅशव्हिल म्हणजे कंट्री म्युझिकची (तिकडची गिटारवाली, गावाकडच्या बाजाची गाणी) पंढरी. त्याच टेनेसी राज्यात तीनेक तासांवर मेम्फिस, तिथे थ्री सिक्स माफिया, एटबॉल अँड एमजेजी वगैरे मंडळींचा जड, काळोखा रॅप. म्हणजे एकाच पोराच्या कानावर दोन्ही पडत होतं. पोरगा रॅपकडे गेला कारण रस्त्यावर तेच होतं, आणि हाही रस्त्यावरच होता, ड्रग्ज विकत. स्वतःच्या मिक्सटेप (म्हणजे घरगुती अल्बम) काढायच्या, गाडीत टाकायच्या, फिरून विकायच्या, छोट्या क्लबात शो करायचे, असं बरीच वर्षं चाललं. मेम्फिसचा रॅपर लिल वाइट याच्याबरोबर अल्बमही केले. २०१३ च्या एका मिक्सटेपच्या नावात आणि कव्हरवर त्याने वॉफल हाउसला आणलं (तिकडच्या दक्षिणेत रात्रभर उघडी असणारी हॉटेलं), कंपनीची नोटीस आली आणि गुपचूप नाव बदलावं लागलं.

पण त्या काळातली गाणी नीट ऐका. कडवं रॅपमध्ये आणि हूक (म्हणजे ध्रुवपद) आला की पुष्कळदा हा स्वतःच गायला लागतो. मला वाटतं सगळी गोम इथेच आहे. २०२० मध्ये 'सेव्ह मी' आलं त्यात बीट काढून टाकलाय, गिटार आणि हा खरखरीत आवाज, बाकी जवळपास काही नाही. विषय तेच, दारू, गोळ्या, स्वतःचा राग. म्हणजे हूक शिल्लक राहिला आणि तेच गाणं झालं. मग २०२२ मध्ये 'डेड मॅन वॉकिंग' रॉक रेडिओवर पहिल्या नंबरवर आणि जानेवारी २०२३ मध्ये 'सन ऑफ अ सिनर' कंट्री रेडिओवर पहिल्या नंबरवर. त्याच वर्षी कंट्रीवाल्यांच्या सीएमए अवॉर्ड्समध्ये नवोदित कलाकाराचं बक्षीस मिळालं, तेव्हा साहेबांचं वय ३८! वीसेक वर्षं घासल्यावर नवोदित.

प्रश्न : जेलची स्टोरी फार वाजवतात त्याची. मार्केटिंग वाटतं मला तरी.
– एक वाचक, ठाणे

मार्केटिंग होतंच, नाही कशाला म्हणू. पण स्टोरी बनवलेली नाहीये. पहिली अटक चौदाव्या वर्षी. सोळाव्या वर्षी सशस्त्र दरोड्याची केस, आणि ती केस मोठ्या माणसासारखी चालवली, वर्षावर आत काढलं, पुढे सात वर्षं प्रोबेशन, म्हणजे बाहेर पण देखरेखीखाली. एकूण चाळीसेक वेळा आतबाहेर झालं असं तो स्वतःच सांगतो. मे २००८ मध्ये तो कोठडीत असताना गार्डने येऊन सांगितलं की बाबा, तुला आज मुलगी झाली. तिथून पुढे त्याने आतच शाळेची परीक्षा दिली, पास झाला.

मला जास्त पटतं ते नंतरचं. डिसेंबर २०२२ मध्ये नॅशव्हिलचं ब्रिजस्टोन अरीना हाउसफुल केलं आणि त्या शोचे पैसे बालसुधारगृहात म्युझिक स्टुडिओ करायला दिले, तेही ज्या सुधारगृहात हा पोरवयात स्वतः बंद होता तिथेच. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकन सिनेटच्या कमिटीपुढे फेंटानिल या जीवघेण्या ड्रगबद्दल बोलला आणि तिथे सरळ सांगितलं की मी ड्रग्ज विकायचो, मी या प्रॉब्लेमचाच भाग होतो. डिसेंबर २०२५ मध्ये टेनेसीच्या गव्हर्नरांनी त्याला माफी दिली. एवढं असून आपण एकदम साधुसंत झालोय असा आव आणत नाही, गांजा अजून ओढतो हेही लपवत नाही.

प्रश्न : गोऱ्या माणसाला कंट्रीत लगेच घेतलं, काळ्या रॅपरला घेतलं असतं का?
– एक वाचक, नागपूर

करेक्ट जागी बोट ठेवलंत. २०१९ मध्ये अटलांटाकडच्या काळ्या रॅपर लिल नॅस एक्सचं 'ओल्ड टाउन रोड' हे गाणं बिलबोर्डने (गाण्यांची क्रमवारी लावणारं अमेरिकन मासिक) कंट्री चार्टवरून काढून टाकलं, कारण काय तर आजच्या कंट्रीचे पुरेसे घटक नाहीत म्हणे. तेच गाणं पुढे मेन चार्टवर १९ आठवडे एक नंबर! जेली रोलला कंट्री रेडिओचं दार असं तोंडावर कुणी आपटलं नाही, आणि त्यात त्याच्या रंगाचा वाटा नाही असं म्हणणं म्हणजे डोळ्यांवर कातडं ओढणं. २०२४ मध्ये शाबूझी या काळ्या गायकाने हिपहॉप-कंट्रीची मिसळ घेऊनच मेन चार्टवर १९ आठवडे एक नंबर मारला आणि कंट्री चार्टवरही टॉपला गेला, तेव्हा दार जरा सैल झालंय, पण सताड उघडं म्हणायची घाई नको. जेली रोलचं गाणं यामुळे खोटं ठरत नाही, फक्त त्याचा रस्ता थोडा कमी चढाचा होता एवढं.

प्रश्न : सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, पणजी

'सेव्ह मी'चं २०२० चं एकट्याचं व्हर्जन आधी, कंट्री गायिका लेनी विल्सनबरोबरचं नंतर. मग 'डेड मॅन वॉकिंग' जरा आवाज वाढवून. जुन्या मिक्सटेप मात्र हेडफोनवरच ऐका, घरात मोठी माणसं असतात.