पणजीत नवी नोकरी, खिसा हलका: दुपारच्या जेवणाचं काय करायचं?

रोज फिश थाळी खायचा विचार आधी सोड. थाळीचा दर फलकावर परवडणारा दिसतो, पण तळलेल्या मासळीचे पैसे बऱ्याच ठिकाणी वेगळे लागतात. बसण्याआधी सरळ विचार, त्यात लाजायचं काही नाही. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरबंदी असते. तेव्हा ताजी मासळी महागते, तर त्या दोन महिन्यांत शाकाहारी थाळीच घे.

आठवड्यातून एक-दोनदा भाजी-पाव. पातळ भाजी आणि सुकी भाजी एकाच बशीत मागायची, 'मिक्स' म्हटलं की कळतं. फक्त उशीर करू नको, जेवणाची वेळ झाली की बऱ्याच हॉटेलांत भाजी संपलेली असते.

बाकीचे दिवस डबा. माझं ठाम मत आहे, गोव्यात स्वस्त डब्याला किसमूरसारखं, म्हणजे सुक्या मासळीच्या कोशिंबिरीसारखं, दुसरं काही नाही. सुकी सुंगटं (कोळंबी) डोकी-शेपट्या काढून मंद आचेवर कुरकुरीत भाजायची आणि छोट्या डब्यात वेगळी न्यायची. दुसऱ्या डब्यात खोबरं, बारीक कांदा, तिखट, मीठ, थोडा चिंचेचा कोळ. जेवताना कालव, आधी कालवलंस तर सुंगटं मऊ पडतात. (वास दरवळतो, म्हणून खिडकीजवळ बस.) सोबत उकड्या तांदळाचा भात, थोडा खाल्ला तरी संध्याकाळपर्यंत भूक लागत नाही. सुंगटं पावसाळ्याआधीच भरून ठेव, मडगावच्या पुरुमेंताच्या फेस्तात (पावसाळ्याच्या बेगमीच्या जत्रेत) चांगली मिळतात.

पोदेराकडून (पाववाल्याकडून) सकाळी दोन पोई (गव्हाचे पाव) जास्त घे. भात लावायला वेळ नसला तर त्याच उपयोगी पडतील.