अक्षांश-रेखांश नकाशात टाकल्यावर बिंदू भलतीकडेच का पडतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एक्सेलमध्ये दोनेकशे ठिकाणांचे अक्षांश-रेखांश आहेत. काही २४°३७'४५.६" असे लिहिलेत, काही २४.३७४५ असे. क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतल्यावर काही बिंदू वीस-तीस किलोमीटर सरकतात, तर काही थेट समुद्रात जातात.

लगेच आकडे बदलायला घेऊ नका. आधी बिंदू किती आणि कोणत्या बाजूला सरकलेत ते क्यूजीआयएसच्या मोजपट्टीने मोजा. बहुतेक चुका त्यावरूनच ओळखता येतात.

वीस-तीस किलोमीटरची चूक सगळ्यात जास्त आढळते. २४ अंश ३७ मिनिटे ४५ सेकंद हे कुणीतरी २४.३७४५ असं लिहून ठेवतं आणि सॉफ्टवेअर ते दशांश अंश समजतं. खरं उत्तर २४ + ३७/६० + ४५/३६००, म्हणजे २४.६२९१७. फरक ०.२५ अंशाचा. अक्षांशाचा १ अंश सुमारे १११ किलोमीटर धरला तर बिंदू २८ किलोमीटर सरकला. ही चूक बिंदूला नेहमी विषुववृत्ताकडे आणि शून्य रेखांशाकडे ओढते, उलट कधीच नाही. आणि सरकणं प्रत्येक बिंदूचं वेगळं असतं: मिनिटं-सेकंद शून्याजवळ असतील तर काहीच नाही, ५९ च्या आसपास असतील तर अक्षांशात ४५ किलोमीटरपर्यंत. खात्री करायची सोपी युक्ती म्हणजे दशांश चिन्हानंतरचे पहिले दोन आकडे सगळ्या ओळींत पाहणं. दोनशे ओळींत कुठेही ६० ते ९९ सापडले नाहीत, तर ती मिनिटंच आहेत.

बिंदू काहीशे मीटरच सरकले असतील तर प्रकरण वेगळं. बऱ्याच जीपीएस यंत्रांवर अंश आणि दशांश मिनिटं दिसतात: २४°३७.२६'. ते कुणी ३७ मिनिटे २६ सेकंद असं वाचलं की झालं. ०.२६ मिनिट म्हणजे १५.६ सेकंद. १ सेकंद साधारण ३१ मीटर, म्हणजे २६ आणि १५.६ मधल्या १०.४ सेकंदांना सुमारे ३२० मीटर. इथे दिशा उलटी असते, बिंदू विषुववृत्तापासून लांब जातो. ही चूक जास्त वाईट, कारण नकाशा पाहून संशयही येत नाही.

सगळेच बिंदू एकाच दिशेला, जवळपास सारख्याच अंतराने सरकलेले दिसले तर फॉरमॅटला दोष देऊ नका. तिथे बहुधा डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजताना गृहीत धरलेला पृथ्वीचा आकार आणि मध्य, वेगळा आहे. जुन्या कागदी नकाशांवरून उतरवलेल्या आकड्यांत हे हमखास होतं.

आता समुद्र. बिंदू आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात गेला असेल तर तो ०, ० वर पडलाय. एकतर रिकाम्या जागी शून्य भरलेत, नाहीतर अंशातले आकडे मीटर समजून घेतले गेलेत. दुसरा प्रकार नकाशाची प्रक्षेपणपद्धती ईपीएसजी ३८५७ (वेब नकाशांची, मीटरमध्ये मोजणारी) असताना लेयरलाही, म्हणजे तुमच्या बिंदूंच्या थरालाही, तीच दिल्याने होतो. लेयरला तिची मूळ पद्धत, म्हणजे ईपीएसजी ४३२६ (अंशांतले अक्षांश-रेखांश) द्या. दुसऱ्या पद्धतीत हवी असेल तर 'एक्सपोर्ट' मधून नवी फाइल काढा. 'सेट लेयर सीआरएस' (लेयरची पद्धत ठरवणारा पर्याय) आकडे बदलत नाही, फक्त त्यांच्यावरचं लेबल बदलतं.

बिंदू तिसऱ्याच खंडात गेला असेल तर अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झाली आहे किंवा दक्षिण-पश्चिमेचं उणे चिन्ह गळलंय. क्रमाबाबत सॉफ्टवेअरांचं एकमत नाही आणि होईल असं वाटतही नाही. गूगल मॅप्सच्या शोधचौकटीत आधी अक्षांश, मग रेखांश. केएमएल आणि जिओजेसन या नकाशाच्या फायलींत आधी रेखांश. क्यूजीआयएसमध्ये सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) घेताना 'एक्स फील्ड' म्हणजे रेखांश आणि 'वाय फील्ड' म्हणजे अक्षांश. रेखांश ९० च्या वर असेल तर अदलाबदल लगेच उघडी पडते. दोन्ही आकडे ९० च्या आत असले की सॉफ्टवेअर निमूटपणे स्वीकारतं.

दुरुस्ती एक्सेलमध्येच करा. चार रकाने घ्या: अंश, मिनिटे, सेकंद, दिशा. पाचव्यात सूत्र: अंश अधिक मिनिटे भागिले ६० अधिक सेकंद भागिले ३६००, आणि दिशा दक्षिण किंवा पश्चिम असेल तर पूर्ण बेरजेला उणे १ ने गुणा. उणे चिन्ह नुसतं अंशाला लावलंत तर मिनिटं उलट्या बाजूला मिळवली जातात. शिवाय ० अंश ३० मिनिटे पश्चिम असेल तर 'उणे शून्य' एक्सेल ठेवतच नाही, चिन्ह गायब. म्हणून दिशेचा रकाना वेगळाच हवा.

घाईत असाल तर आणखी एक वाट आहे. २४:३७:४५.६ असं टाइप केलं की एक्सेल ती वेळ समजतं. शेजारच्या रकान्यात तिला २४ ने गुणा, रकान्याचा फॉरमॅट 'जनरल' करा, २४.६२९३३३ मिळेल. उणे वेळ चालत नाही, त्यामुळे दक्षिण-पश्चिमेसाठी उणे २४ ने गुणायचं.

सीएसव्ही म्हणून सेव्ह करण्याआधी त्या रकान्यात ६ दशांश स्थळं दिसू द्या. एक्सेल सीएसव्हीत जे दिसतं तेच लिहितं. दोनच स्थळं दिसत असतील तर बाकीचे आकडे गेले, आणि बिंदू किलोमीटरभराच्या जाळीवर ओळीने बसलेले दिसतात. ५ स्थळं म्हणजे साधारण १ मीटर. मोबाइलवर घेतलेल्या नोंदीला १० स्थळं लिहिणं हा निव्वळ देखावा आहे.

क्यूजीआयएसमध्ये मग 'लेयर', 'ॲड लेयर', 'ॲड डिलिमिटेड टेक्स्ट लेयर'. दशांश अंश केले असतील तर 'डीएमएस कोऑर्डिनेट्स' ची चौकट मोकळी ठेवा. मूळ अंश-मिनिटे-सेकंदच द्यायचे असतील तर तिच्यावर खूण करा. मात्र हाताने लिहिलेल्या सीएसव्हीत सेकंदांचं दुहेरी चिन्ह टाळा, कारण तेच चिन्ह मजकुराची सुरुवात-शेवट दाखवायला वापरतात आणि पुढचे रकाने एकमेकांत मिसळतात. अंश, मिनिटे, सेकंद यांच्यात नुसती जागा सोडली तरी चालतं.

काही ओळी दिसतच नसतील तर चिन्हं तपासा. पीडीएफमधून चिकटवलेल्या मजकुरात वळणदार अवतरणचिन्हं, लांब उणे चिन्ह किंवा अंशाच्या चिन्हासारखं दिसणारं दुसरंच अक्षर येतं. डोळ्याला फरक कळत नाही, सॉफ्टवेअरला कळतो. आकड्यांचंही तेच: मी इथे देवनागरी अंक लिहिलेत, पण तुम्ही फाइलमध्ये इंग्रजी अंकच ठेवा.

छापील नकाशावर मिनिटं-सेकंद हवेत म्हणून मूळ फाइल बदलू नका. साठवण दशांश अंशांत, दाखवणं हवं त्या रूपात. क्यूजीआयएसच्या लेबलसाठी 'टू_डीएमएस' फंक्शन आहे. गूगल अर्थ प्रोमध्ये 'टूल्स', 'ऑप्शन्स', '३डी व्ह्यू' इथे फॉरमॅट बदलतो. स्वतः सूत्र लिहिलंत तर ५९.९६ सेकंदांची एक ओळ मुद्दाम तपासून बघा. एका दशांशावर आणताना तिथे ३७ मिनिटे ६०.० सेकंद छापलं जातं. हवं असतं ३८ मिनिटे ०.० सेकंद.