मागून ठोकलं म्हणजे चूक मागच्याचीच का?

प्रश्न: ताई, मागच्या रविवारी साताऱ्याहून येताना नवा कात्रज बोगदा ओलांडून नवले पुलाच्या उतारावर ट्रॅफिक तुंबलं होतं, मी पण थांबले आणि मागून एका पिकअपनं असं ठोकलं की माझी गाडी पुढच्या कारवर जाऊन आदळली. आता पुढचे काका म्हणतात भरपाई तूच दे आणि पिकअपवाला म्हणतो मॅडमनी अचानक ब्रेक मारला. खरंच माझी चूक आहे का?
– एक वाचक, धायरी

उत्तर: तुम्ही लिहिलंय तसं खरंच पूर्ण थांबला होतात आणि मागच्या धक्क्यानंच पुढे ढकलल्या गेलात, तर काकांच्या गाडीचं नुकसानसुद्धा पिकअपवाल्याकडेच जातं, तुमच्याकडे नाही. पुढची गाडी एकदम थांबली तरी आपल्याला थांबता येईल इतकं अंतर मागच्यानं ठेवायचं हा आपल्याकडचा नियमच आहे. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टापुढे ट्रकच्या मागे जेमतेम 10-15 फुटांवर चाललेल्या कारचं प्रकरण होतं, ट्रकनं एकदम ब्रेक मारला होता असं सांगूनही कोर्टानं चूक कारवाल्याचीच धरली. आणि तुमचा तो उतार, तिथे तर जास्तच अंतर लागतं, डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडून देणारे बघितले की माझ्या पोटात गोळा येतो.

पण मागचा नेहमीच चूक असं समजून गाफील राहू नका. 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानंच कोइम्बतूरच्या एका केसमध्ये हायवेवर सिग्नल न देता अचानक थांबलेल्या कारवाल्यावर 50 टक्के जबाबदारी टाकली, मागून धडकलेल्या बाईकवाल्या मुलावर 20 आणि त्याच्या अंगावरून गेलेल्या बसच्या ड्रायव्हरवर 30. पिकअपवाला आता हेच पकडून बसणार. तुमच्यात फरक एवढाच की तुम्ही तुंबलेल्या रांगेत थांबलात, मोकळ्या रस्त्यात नाही, आणि तेच सिद्ध करायचंय. तुमच्या किंवा आजूबाजूच्या कोणाच्या गाडीत डॅशकॅम होता का बघा, पोलिसात नोंद केली नसेल तर आजच करा, दोन्ही बाजूंचे फोटो न काढता गाडी गॅरेजला सोडू नका, इन्शुरन्स कंपनीला कळवा. स्वतःच्या पॉलिसीवर क्लेम घेतलात तर चूक नसतानाही नो क्लेम बोनस, म्हणजे वर्षभर क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाऊ शकतो, हे खर्चाशी ताडून बघा. पिकअपवाल्याच्या थर्ड पार्टी विम्यातून, म्हणजे त्याच्यामुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणाऱ्या विम्यातून, मिळवायचं तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो, वेळ लागतो पण हक्काचं आहे. चूक कबूल केल्यासारखं काहीही कुणाला लिहून देऊ नका, दबाव आला तरी.

आणि काकांशी भांडत बसू नका, तेच तुमचे सगळ्यात महत्त्वाचे साक्षीदार आहेत. त्यांना शांतपणे विचारा, काका तुम्हाला धक्का एकदा बसला की दोनदा? एकदाच असेल तर तुम्ही थांबलेल्या होतात आणि ढकलल्या गेलात. दोनदा असेल तर आधी तुम्ही आदळलात, मग पिकअप तुमच्यावर, असा अर्थ निघतो आणि मग पुढच्या नुकसानाचा वाटा तुमच्यावरही येतो. ते एकदाच म्हणाले तर तेवढं एक वाक्य त्यांच्याकडून व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, आजच, विसरायच्या आत.