पावसाळ्यात कपड्यांना येणारा कुबट वास

प्रश्न : आमची चाळ पुनर्विकासात गेली आणि आम्ही लालबागमध्येच नव्या इमारतीत १७व्या मजल्यावर राहायला आलो. गॅलरीतली दांडी गेली. आता बेडरूमच्या छताला कप्पीची दांडी आहे. पावसाळ्यात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि वाळले तरी कुबट वास येतो. सुगंधी द्रव घालूनही तो जात नाही. काय करावे?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : दोष आपल्या साबणाचा नाही, कपडे वाळायला लागणाऱ्या वेळेचा आहे. धुतलेल्या कापडातही थोडे जिवाणू उरतातच. कापड जितका वेळ ओलसर राहील तितके ते वाढतात आणि तो वास त्यांच्यामुळेच येतो. सुगंधी द्रवाने तो केवळ झाकला जातो, शिवाय टॉवेल पाणी कमी टिपू लागतात. तेव्हा तो खर्च आपण खुशाल वाचवावा.

जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेतील आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या वरच असते. कपड्याभोवतीची हवा पाहता पाहता दमट होते आणि ती हलली नाही, तर पुढे वाळणेच थांबते. म्हणजे ऊन नसले तरी एक वेळ चालेल, वारा मात्र हवाच. महालक्ष्मीच्या धोबीघाटावर पाहिले असेल, तर तिथे चिमटे फारसे दिसत नाहीत. दोरीच्या पिळात कपड्याचे टोक खोचलेले असते आणि बाकीचा कपडा मोकळा फडफडतो. आपण घरी नेमके उलटे करतो : चादर दुहेरी घडी करून दांडीवर टाकतो आणि तिला खेटून परकर. दोन कपड्यांत चार बोटे अंतर ठेवावे, एक दांडी सोडून दुसरीवर घालावेत, खिडकी किलकिली ठेवून पंखा चालू करावा. जीन्स उलटी करून खिसे बाहेर काढावेत, कारण पाय कडकडीत वाळले तरी कमरपट्टा आणि खिशांचे अस्तर हाताला गारच लागते, आणि कपाटात वास पसरतो तो तिथूनच.

मशीनमधले कपडे पुन्हा एकदा पिळून घ्यावेत, रात्रभर आत ठेवू नयेत. ज्यांना वास लागलाच आहे ते सुती टॉवेल, पंचे कडकडीत गरम पाण्यात अर्धा तास भिजवून मग धुवावेत. इस्त्री केलेला शर्ट निवल्याशिवाय घडी करू नये, कारण वाफ घडीतच अडकते.

खिडकीबाहेर दोरी बांधण्याचा मोह होईल, पण त्याआधी सोसायटीचे नियम पाहावेत. ठिबकणाऱ्या पाण्यावरून होणारी भांडणे चाळीतून टॉवरमध्येही आपल्यासोबत राहायला आली आहेत.