नोट्सचा गुंता सोडवायला कन्सेप्ट मॅपचं सॉफ्टवेअर खरंच कामाला येतं का?

येतं. तुम्ही लिहिलंय की माईंड मॅप रंगीत झाला पण प्रबंध तिथंच अडलाय, तर ते होणारच बघा, कारण माईंड मॅपमधे मधोमध एक विषय न् त्याला फांद्या, बस. कन्सेप्ट मॅपमधे एकेक कल्पना चौकटीत लिहून बाणांनी जोडायची, बाणावर पण शब्द लिहावा लागतो आणि सगळं डोकं तिथंच लागतं.

मी लातूरचा. एमएला असताना आमच्याकडच्या पाणीटंचाईवर लघुप्रबंध लिहायलो होतो, २०१६ च्या एप्रिलमधे मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथून सुरुवात. पाऊस, मांजरा धरण, ऊस, बोअर, टँकर, कारखाना, कात्रणांच्या तीन फाईली झाल्या पण पानभर लिहिणं होईना. मग सीमॅपटूल्स हे कन्सेप्ट मॅपचं सॉफ्टवेअर घेतलं, फुकट आहे. त्यात एका चौकटीतून दुसरीकडं बाण ओढला की मधे चार प्रश्नचिन्हं येतात, ती पुसून शब्द टाकायचा. मी "ऊस" पासून "बोअर" कडं बाण ओढला न् लिहिलं "जगवायला लागतं". लिहिलं आणि काकाचं शेत आठवलं. त्यांनी तर आधी बोअर घेतलं, पाणी लागलं म्हणून तूर सोडून ऊस लावला, दोन वर्षांत पाणी खाली गेलं मग तोच ऊस जगवायला दुसरं बोअर पाडलं. म्हणजे बाण उलटा पण जातो, गोल फिरतो! वहीत ह्या दोन गोष्टी वेगवेगळ्या पानांवर होत्या म्हणून कधी दिसलंच नाही. माझं तिसरं प्रकरण त्या गोलावरच उभं राहिलं.

कन्सेप्ट मॅपची ही पद्धत अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोवाक यांच्या टीमनं १९७२ ला काढली, मुलांच्या विज्ञानावरच्या मुलाखतींचा ढीग झाला होता त्यांच्याकडं, तुमच्यासारखाच.

मॅपच्या वरच्या बाजूला विषय लिहू नका, प्रश्न लिहा. "पाणीटंचाई" लिहिलं तर सगळं जग आत येतं, "लातूरात चांगल्या पावसानंतरही टँकर का लागतो" लिहिलं की निम्म्या चौकटी आपोआप गळतात. १५ ते २५ शब्द बाजूला मांडा, मगच जोडा. बाणावर "शी संबंधित" अजिबात लिहायचं नाही, त्यानं काहीच कळत नाही. गाईडला दाखवायच्या आधी चौकट, बाण, चौकट असं मोठ्यानं वाचा, नीट वाक्य झालं पाहिजे. आणि ज्या बाणाला शब्दच सुचेना तो पुसू नका, प्रश्नचिन्हं तशीच राहू द्या, तेवढंच वाचन बाकी आहे तुमचं.