पोलिसांनी अंगावर कॅमेरा लावावा का, की त्यामुळे पोलीस काम करायलाच कचरतील?

लावावा, आणि त्याची गरज जनतेपेक्षा हवालदाराला अधिक आहे, असे मी हवालदार म्हणून निवृत्त झाल्यामुळेच म्हणतो.

२०१६ च्या जुलैमध्ये रात्री नाकाबंदीवर असताना मी एका विद्यार्थ्याची दुचाकी अडवली. त्याच्याकडे परवाना नव्हता, मागे दोघे बसलेले होते, आणि मी पावतीपुस्तक उघडतो तोच त्याने गाडी रेटली. मी शिवी देऊन त्याची कॉलर धरली, गाडी ओल्या रस्त्यावर आडवी झाली आणि त्याचा चष्मा फुटला. त्याच्या गुडघ्यातून रक्त येत होते, म्हणून माझ्या बाटलीतल्या पाण्याने ते धुऊन मी त्याला पावती न करता सोडले, आणि तेच पुढे माझ्या अंगाशी आले. दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांनी अर्ज दिला की, हवालदाराने मुलाच्या कानशिलात मारली आणि पाचशे रुपये घेऊन सोडले. सोबत कोणीतरी मोबाइलवर काढलेली अकरा सेकंदांची चित्रफीत होती. ती माझा हात कॉलरवर पडल्यापासून सुरू होत होती. समोरच्या औषधाच्या दुकानाचा कॅमेरा होता, परंतु त्यातले चित्रण पंधरा दिवसांनी आपोआप पुसले जाई, आणि चौकशी अधिकाऱ्यांचे पत्र दुकानदाराला मिळाले तेव्हा दसरा उलटून गेला होता.

विभागीय चौकशी चौदा महिने चालली. शिवी मी पहिल्याच जबाबात कबूल केली होती, तिच्यासाठी एक वेतनवाढ रोखली गेली आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पैशांचा आरोप सिद्ध झाला नाही; मात्र 'सिद्ध झाला नाही' आणि 'घेतले नाहीत' यांतले अंतर नातेवाईक बरोबर ओळखतात. माझे मेहुणे आजही लग्नकार्यात चारचौघांत म्हणतात, "दाजी, कॅमेरा नव्हता म्हणून वाचलात." कॅमेरा असता तर माझी शिवी जशी ऐकू आली असती, तसेच माझे दोन्ही हातही अखेरपर्यंत दिसले असते, एवढी साधी गोष्ट वकिली करणाऱ्या माणसाला कळू नये याचे मला नवल वाटते.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात पोलीस ठाण्यांतील कॅमेऱ्यांचे चित्रण शक्यतो १८ महिने आणि किमान १ वर्ष जपण्यास सांगितले. अंगावरच्या कॅमेऱ्यालाही तीच मुदत हवी. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती व जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक केले आहे, परंतु रस्त्यावरची हुज्जत त्यात बसत नाही.

नुसता कॅमेरा लावूनही भागत नाही. २०२० मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात एका पोलिसाने मानेवर गुडघा दाबून धरल्याने जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा जीव गेला तेव्हा तेथील पोलिसांच्या अंगावर कॅमेरे होतेच. तरीही पोलिसांच्या पहिल्या निवेदनात तो प्रकृतीचा प्रश्न असल्याचे भासवले गेले, आणि जगाने जे पाहिले ते रस्त्यावरच्या एका मुलीच्या मोबाइलमधले. म्हणून चित्रण त्या पोलीस ठाण्याच्या ताब्यात राहू नये, आणि कॅमेऱ्याचे बटण अंमलदाराच्या मर्जीवर नसावे.

अर्थात खबऱ्याशी बोलताना किंवा मारहाण झालेल्या बाईच्या घरात शिरताना, तिने सांगितल्यास, तो बंद करावाच लागेल. मात्र बंद केल्याची वेळ आणि कारण त्याच रात्री स्टेशन डायरीत लिहावे.