बिनधास्त की बेपर्वा?

प्रिय मनू,

हात सोडून उतारावरून सायकल हाणलीस म्हणून बाईंनी तुला 'रेकलेस' म्हटलं, आणि रविवारी अमळनेरहून आजी फोनवर कौतुकाने 'बिनधास्त आहे आमची पोर' म्हणाली. दोन्ही एकच का, असं तू विचारलंस. नाही बाळा.

'रेकलेस'मधला जुना 'रेक' म्हणजे फिकीर, पर्वा. ती नाही, तो रेकलेस. (मोडतोडीचा 'रेक' निराळा, त्याच्या स्पेलिंगमध्ये आधी डब्ल्यू येतो, पुष्कळ जण तिथे चुकतात.) आपला 'बेपर्वा' अगदी तस्साच घडलाय. बेफिकीर, बेदरकार, निष्काळजी हीसुद्धा त्याच घरातली. भरधाव गाडीने कुणाला उडवलं की आपल्याकडे पोलीस 'हयगयीने व अविचाराने वाहन चालवून' असं लिहितात. 'बिनधास्त'मध्ये मात्र जी नसते ती धास्ती. भीती नसेना का, पर्वा हवीच.

मला हे आखाजीला कळलं. अक्षय्य तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात. लेकी माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधतात. मी दहा वर्षांचा होतो, तुझी आत्या सहाची. तिला पाटावर बसवलं आणि मी मागे उभा राहून झोका चढवत नेला. फांदीशी घासून दोराचा एक पीळ सुटला होता. सकाळीच पाहिला होता मी तो. तरी चढवला. दोर तुटला, आत्याचं मनगट मोडलं.

आजीने मला मारलं नाही. तुटलेलं टोक माझ्या हातात ठेवून एवढंच विचारलं, "तुले दिसनं व्हतं ना रे?"

मला दिसलं होतं.

तू एकटी असतीस तर तुझाच गुडघा फुटला असता. पण तुझ्या मागे कॅरियरवर शेजारचं पाच वर्षांचं पोर बसलं होतं, आणि तेवढंच तू आजीला सांगितलं नाहीस. म्हणून बाईंचा शब्द बरोबर आहे, मनू. मला तो फार लागला, कारण तो एकदा माझाही होता.

या रविवारी आजीला सगळं तूच सांग. रागावेल, रागावू दे. मग आत्याशी बोल. कळण्याची भाकरी थापताना तिचं उजवं मनगट अजून अडतं.

तुझा,
बाबा